समुद्रात जमीन करणारे भावजी

अख्ख्या जोयडा तालुक्यात पायाखालच्या जमिनीवर विश्वास नसलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे हे भावजी कुठंही गेले की आधी टाच आपटून बघतात. लग्नाचा मांडव असो की पंचायतीची पायरी, दोनदा टाच, एकदा मान, आणि मग "ही दबंल अजून" असा निकाल. रामनगरातली त्यांच्या घराखालची जमीन चांगली दगडी आहे, पण तिथंही दारात लोखंडी सळई रोवून ते रोज सकाळी घर किती खचलं ते बघतात. घर जागचं हललेलं नाही. भावजी मात्र एका जागी ठरत नाहीत. बसमध्ये जागा रिकामी असली तरी दाराशी उभे राहतात, चहा चालता चालता पितात, आणि जेवताना चौथ्या घासाला उठून अंगणात काहीतरी बघून येतात. काय बघून येतात, हे इतक्या वर्षांत आक्कालाही कळलेलं नाही.

हे सगळं धंद्यामुळं, असं मी लोकांना सांगत असे. भावजींनी ऐन उमेदीची वर्षं आखातातल्या एका बड्या शहरासमोर समुद्रात बेटं करण्यात घालवली. बेट माणसं करतात, हेच आमच्याकडं आधी कुणाला पटेना. अणशी गावच्या एका म्हाताऱ्यानं तर "समुद्राला भोक पडलं हुतं काय, बुजवायला?" असं विचारलं होतं. भावजी मग हातवारे करत समजावीत. जहाज तळाची वाळू ओढून घेतं, मोठ्या नळीनं कमान करून हवेतून फेकतं, वाळू पाण्यावर डोकं काढते, आणि तिच्यावर भावजी डोझर फिरवतात. "पर लगीच घर बांधायचं न्हाई," ते बजावत. "वर आनि माती रचायची, टेकाडाएवढी. त्या वज्यानं खालची दबती. मग वरची काडायची. घाई केली की भिंत तडकती."

वजन ठेवा, थांबा, मग काढा, हा मंत्र त्यांनी सुटीवर आल्यावर घरातही लागू केला. नव्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर त्यांनी चिऱ्यांचा ढीग रचला आणि आक्कानं अख्खा पावसाळा ओसरीवर चूल मांडून काढला. पलंग आणला तर त्यावर पंधरा दिवस तांदळाची पोती झोपली, माणसं खाली. सून घरात आली त्याच दिवशी सगळ्या किल्ल्या तिच्या हातात देऊन मोकळे झाले. "वजा पडू दे, मग कळंल." एका वर्षी तर भाताच्या खाचरातच त्यांनी बेट उठवलं, आखातातल्यासारखंच, चक्क माडाच्या आकाराचं.

"ह्येचा आकार कुनाला दिसनार?" आक्कानं विचारलं.

"वरनं दिसतोय."

"वर कोन हाय?"

भावजींनी बराच विचार केला आणि "घार" म्हणून सांगितलं. बेटामुळं पाणी शेजाऱ्याच्या खाचरात वळलं. तो तणतणत फावडं घेऊन आला. तो बेट फोडत होता तेव्हा भावजी बांधावर येरझाऱ्या घालत, कुठून फोडलं तर लवकर फुटेल, हे त्याला शिकवत होते.

मी हे किस्से रंगवून सांगतो, पण त्यात आक्काची फार फरपट झाली. मुलं तिनं एकटीनं वाढवली, सासूचं सगळं तिनंच केलं. सासू गेली तेव्हा भावजी बेटावर होते. दोन वर्षांमागं ते कायमचे परतले तेव्हा, आता तरी हा माणूस घरात राहील, असं तिला वाटलं. यंदा दिवाळीनंतर जुन्या मुकादमाचा फोन आला. आपल्याच देशात एका शहरासमोर नवं बेट होतंय, हातचा माणूस पाहिजे. भावजींनी फोन ठेवायच्या आधी पिशवी काढली.

"तू सांग त्येंस्नी," आक्का मला म्हणाली. "माझं न्हाई ऐकत. ह्या खेपी गेले की मी वाट बगायची सोडनार."

मी सांगितलं. भावजी माझं बोलणं संपेपर्यंत अंगणाच्या चार फेऱ्या मारून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेले.

बाराव्या दिवशी ते परत आले. मी तिथंच होतो. आक्कानं पाण्याचा तांब्या दिला. तांब्या हातात धरून ते दारातच उभे राहिले.

"थितं कोळ्यांच्या बाया रोज येऊन बसत हुत्या," ते म्हणाले. "भांडत न्हवत्या. जाळी टाकायची जागा बुजताना नुसत्या बगत हुत्या." मग म्हणाले, "आई बी अशीच बसली हुती."

भावजींचं गाव धरणात गेलेलं. रामनगरात निम्मी वस्ती तशीच आलेली आहे, पण भावजींच्या तोंडून त्या गावाचं नाव मी ऐकलं नव्हतं.

"पानी चडताना ती टेकाडावर बसून बगायची. मी ल्हान. रोज काठी रोवून पानी कुटंवर आलं बगायचो, आनि टाळ्या वाजवायचो. तिनं मला एकदा बी गप म्हटलं न्हाई." त्यांनी आक्काकडं बघितलं. "तुझ्याजवळ कदी काय बोलली काय गं?"

"बोलायची की. रोज," आक्का म्हणाली.

आणि ती सांगू लागली. परड्यातला फणस कुठं होता, पाणी आधी गोठ्यात कसं शिरलं, सासूनं निघताना चूल कशी सारवली. भावजी उंबऱ्यावर बसले. ती सांगत राहिली, ते ऐकत राहिले, तांब्यातलं पाणी तसंच राहिलं. मी निघालो तेही दोघांच्या लक्षात आलं नाही. वाटेत मला फार वाईट वाटत होतं. माझ्या बहिणीजवळ हे एवढं सगळं साठलेलं आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं. मीही तिला कधी विचारलं नव्हतं.