लोणी फार पाणी पिते!

आता ही फजिती माझ्याच तोंडून ऐका. आमच्या हिच्याकडून ऐकलीत, तर मला घराबाहेर पडायची सोय राहणार नाही.

मुलगी चार महिन्यांसाठी बंगलोरला गेली आणि तिची लोणी आमच्याकडे ठेवून गेली. लोणी म्हणजे पर्शियन मांजर. पांढरेशुभ्र लांब केस, चपटं नाक आणि चेहरा असा, की आत्ताच कुणीतरी अपमान केलाय. निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, माझा जीव आहे हा. सांभाळाल ना?"

माझ्यासारख्या माणसाला असं सांगायचं असतं का हो? मी वाचायला बसलो. ही जात म्हणे मूळची इराणकडची, थंड डोंगराळ मुलखातली. आणि इथे नागपूरचा मे! पाणी गार राहावं म्हणून मी कुंभाराकडून मातीचं कोरं परळ आणलं, खाली पोतं अंथरलं. मग पुढचं पान वाचलं. या जातीत मूत्रपिंडाचा एक आजार आईबापांकडून येऊ शकतो. लक्षण? खूप पाणी पिणं.

सकाळी पाहतो, तर परळ अर्धं रिकामं!

दुसऱ्या दिवशीही तेच. तिच्या डोळ्यांतून पाणी गळताना पाहून माझेही भरून आले.

"काहून इतके घाबरून राहिले तुम्ही?" ही म्हणाली. "मस्त खेळून राहिली ते!"

"शेवटी शेवटी असंच होतं!" मी म्हणालो.

लोणीला टोपलीत घालून ऑटोने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरांना मी आधी इराणचा भूगोल सांगितला.

"सर, हे तर इथंच नागपुरात, जरीपटक्यात जन्मली," ते तिचे कागद पाहत म्हणाले.

"पण पूर्वज?"

त्यांनी निमूटपणे सोनोग्राफी केली. मी डोळे मिटून बसलो. मुलीला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत होतो.

"किडनी एकदम साफ आहे, सर. चपट्या तोंडामुळे डोळे गळतात, रोज पुसा. केस विंचरा. पाणी कशात देता?"

"कोऱ्या मातीच्या परळात."

"खालचं पोतं ओलं राहते का?"

"चिंब! सांडत असेल बिचारी."

"सर, मातीचं भांडं पाझरते. ते पाणी उडून जाते, म्हणून तर आतलं गार होते."

माझे कान तापले. अहो, चौतीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवलं!

"सर, मलेही तुम्हीच शिकवलं," डॉक्टर हळूच म्हणाले. "अकरावीत तुमच्याच वर्गात होतो. 'माठातलं पाणी गार का होतं?' मी लिहिलं होतं, सावलीत ठेवतात म्हणून. तुम्ही भोपळा दिला, अन् वर लिहिलं, 'डोळे उघडे ठेवून जगा.'"

लोणी माझ्या मांडीवर येऊन घुरघुरू लागली. तिच्या दाट केसांत तोंड लपवायला भरपूर जागा आहे, हे मला तेव्हा कळलं.