आराक्सी मॅडम आणि आमच्या गावचा ठराव

बातमी आली तेव्हा मी पुठ्ठ्याच्या सप्लायरशी फोनवर बोलत होते. तेवढ्यात मॅडमच्या मुलीचा, नायरीचा, मेसेज स्क्रीनवर आला. ममा आज सकाळी गेली. मी तो वाचला आणि सप्लायरला म्हटलं, माल आज नको, सोमवारी पाठवा. तो म्हणाला, "इन्शाल्ला." फोन ठेवला, ऑर्डर सिस्टीमला टाकली, मग आत जाऊन मशीनवरच्या रफीकभाईंना सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं आणि डोक्यावर रुमाल टाकून तिथेच स्टुलावर बसले. मी परत जागेवर आले. मला वाटलं आता रडू येईल... नाही आलं. त्याला दोन महिने होत आले, अजून आलेलं नाही. घरी माझ्या मुलाने विचारलं, "मम्मा, शी वॉज युवर बॉस, राइट?" त्याचं चुकलं नाही. बॉसच होत्या. शारजातल्या मराठी मैत्रिणीही विचारतात, एवढं काय, तुझ्या कोण लागत होत्या? सांगायला बसलं की लांबतं, म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, मला त्यात लाज वाटत नाही. वडील गवंडी, आई शाळेत गेली नाही, मी साताऱ्यात बी.कॉम. झाले, लग्न होऊन इकडे आले. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये लेबलं छापायचा मॅडमचा कारखाना होता. खजुराच्या डब्यांची, तेलाच्या पिंपांची, सगळी लेबलं. अकाउंट्सच्या जागेसाठी मी गेले, तेव्हा समोर पांढऱ्या बॉबकटच्या, जाड चष्म्याच्या एक बाई बसलेल्या. त्या आर्मेनियन, पण जन्म सीरियातल्या अलेप्पोचा, आणि हिंदी आमच्या लेबर कॅम्पात, कामगारांच्या वस्तीत, शिकलेलं. सर्टिफिकेटं चाळता चाळता त्यांनी विचारलं, "तेरा फॅमिली में तू पहिला?" मी म्हटलं, "पहिली." "बैठ," त्या म्हणाल्या. दुसरा प्रश्न अकाउंट्सचा असेल म्हणून मी सरसावून बसले, तर त्यांनी विचारलं, "तेरा गाँव कितना बड़ा? मीटिंग होता है?"

हे त्या सगळ्यांना विचारायच्या. बिहारच्या ड्रायव्हरला, फिलिपिनो डिझायनरला, चहा देणाऱ्या केरळच्या मुलाला. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा छंद आहे. मग नोकरीतला माझा पहिला एप्रिल महिना आला. चोवीस तारखेला, त्यांच्या लोकांच्या स्मरणदिनी, त्या काळे कपडे घालून चर्चला गेल्या, दुपारी भलंमोठं पातेलं घेऊन ऑफिसात आल्या. गहू आणि कोंबडी शिजवून एकजीव केलेलं. रफीकभाई त्याला हलीम म्हणायचे, इथले लोक हरीस म्हणतात, मॅडम म्हणायच्या, "खा, नाम बाद में." खाताना त्यांनी सांगितलं. एकोणीसशे पंधरा साली तुर्कस्तानात उस्मानी सरकार होतं. त्या सरकारने आपल्याच देशातल्या आर्मेनियन लोकांना घरातून काढलं, पुरुषांना मारलं, बायकापोरांना वाळवंटाकडे चालवत नेलं. वाटेतच बहुतेक संपले. मॅडमची आजी तेव्हा लहान मुलगी होती, ती त्या तांड्यातून वाचलेली. "और तुर्की सरकार आज भी बोलता है, हुआ नहीं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. पातेल्यातलं खरवडून त्यांनी मला आणखी वाढलं.

इथे मोर्चे-बिर्चे नसतात, ते त्यांनाही माहीत होतं, आणि ज्या देशाने आपल्याला पोट दिलं त्याला त्रास द्यायचा त्यांचा स्वभावही नव्हता. त्यांचं काम वेगळंच होतं. संध्याकाळी घरी बसून त्या जगभरातल्या छोट्या छोट्या गावांना पत्रं लिहायच्या. नगरपालिका, पंचायत, जे असेल ते. विनंती एकच : तुमच्या सभेत एक ठराव करा की हे घडलं, आणि ते कुणी केलं. मी विचारलं, पंतप्रधानांना का नाही लिहीत? तर म्हणाल्या, "बड़ा सरकार को बिजनेस है. छोटा गाँव को किसका डर?" कधी उत्तरं यायची, बहुतेक वेळा नाही. एखाद्या गावाचा होकार आला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना बकलाव्याची मिठाई. बाकी काही नाही.

आमच्या गावचं माझ्या डोक्यात यायला बरीच वर्षं लागली, कारण आम्ही कुठले, माण तालुक्यातले, आमचा काय संबंध. मग आमच्या थोरल्या काकू महिला राखीव जागेवर सरपंच झाल्या. मी ऑफिसातून त्यांना अभिनंदनाचा व्हिडिओ कॉल केला, मॅडम मागून डोकावल्या. काकूंनी हात हलवला, आणि मॅडम एकदम माझ्या हातातून फोन घेऊन जवळ धरून बघायला लागल्या. काकूंच्या हनुवटीवर आणि मनगटावर गोंदण आहे. मॅडमने विचारलं, "ये किसने किया?"

काकू हसल्या. "किसने म्हंजे? गोंदणाऱ्या बाईनं. लग्नाच्या आदी. चांगलं असतंय ते."

मॅडमने माझ्याकडे बघून हळूहळू सांगितलं, मी काकूंना मराठीत सांगत गेले. त्यांच्या आजीच्याही हनुवटीवर असेच निळे ठिपके होते. वाळवंटात एका अरब कुटुंबाने तिला उचललं, खाऊ घातलं, वाढवलं, आणि त्यांच्या मुलींना गोंदायचे तसं तिलाही गोंदलं. पुढे ती अनाथाश्रमात आली, आपल्या लोकांत आली, पण ते ठिपके गेले नाहीत. आयुष्यभर ती हसताना तोंडावर हात धरायची. "वो लोग अच्छा था," मॅडम म्हणाल्या, "खाना दिया. लेकिन उसको किसीने पूछा नहीं." काकू म्हणाल्या, "शीतल, बाईला म्हनावं, गावाला या."

मॅडम गावाला आल्या नाहीत, मी गेले. मुलाच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे पंधरा ऑगस्टला आम्ही गावात. त्या दिवशी ग्रामसभा असतेच. काकूंनी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात माझं नाव घातलं. समाजमंदिरात, ज्या माणसांच्या घरांच्या भिंती माझ्या वडिलांनी बांधल्या त्या माणसांसमोर मी माइक घेऊन उभी राहिले आणि आर्मेनियाचं सांगितलं. मागून एक जण म्हणाला, "आपल्या गावचं कोन हाय का तिकडं?" दुसरा म्हणाला, "आदी टाकीचं बोला, मग आर्मेनियाचं बगू." हशा झाला. ग्रामसेवक भाऊसाहेब चांगले माणूस, त्यांनी समजावलं, ताई, हा परराष्ट्राचा विषय, आपल्या कार्यकक्षेत बसत नाही. मग मी गोंदणाचं सांगितलं. पुढे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मंग त्या पोरीचं आईबाप?" मी म्हटलं, मारले. "कुनी?" मी सांगितलं.

शेवटी भाऊसाहेबांनीच वाट काढली. दर सभेत दुखवट्याचा ठराव असतो, गावात जे वारले त्यांना श्रद्धांजली. ती कुणालाही वाहता येते. त्यांनी त्यातच लिहिलं : 'तसेच सन १९१५ मध्ये आर्मेनिया देशातील असंख्य नागरिकांचे दुःखद निधन झाले, त्यांना ही सभा भावपूर्ण श्रद्धांजली अर्पण करते.' सगळं गाव दोन मिनिटं उभं राहिलं. टाकीवाला पण. मला इतका अभिमान वाटला होता की ती शिक्क्याची प्रत मी विमानात हातातल्या पर्समध्ये ठेवली, बॅगेत नाही.

मॅडमने ती दोन्ही हातांनी घेतली. मी इंग्रजीत करून सांगितलं. "दुःखद निधन मतलब?" सॅड डेथ, मी म्हटलं. "कैसे? बुखार से?"

"मॅडम, ही लिहायची पद्धत आहे."

"किसने किया, वो किधर है?"

"दुखवट्याच्या ठरावात ते लिहीत नाहीत. कोण वारलं एवढंच लिहितात."

"वारला नहीं," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनी माझ्याच तोंडून उचलला होता. "तेरा गाँव ने फूल भेजा. बहुत अच्छा गाँव. सबको थँक यू बोल. लेकिन फूल तो वो सरकार भी भेज सकता है." आणि कागद परत दिला.

मला राग आला. मी सरळ म्हटलं, मॅडम, आमच्या गावात बाई माइकवर बोलायला उठली हेच केवढं आहे, तुम्हाला कल्पना नाही. त्या म्हणाल्या, "है. इसलिए बोलती हूँ, पूरा बोल." पुढे बरेच दिवस आम्ही फक्त बिलांबद्दल बोललो. मला आजही वाटतं, त्यांनी तो कागद ठेवून घेतला असता तर काही बिघडलं नसतं. पण हेही वाटतं की त्या तो ठेवून घेणाऱ्यातल्या असत्या, तर मी हे लिहायलाच बसले नसते.

थंडीत त्यांचं दुखणं निघालं. शेवटची भेट त्यांच्या फ्लॅटवर. उशा रचून बसवलेलं, समोर लॅपटॉप बंद. ऑफिसचं विचारलं, रफीकभाईंच्या गुडघ्यांचं विचारलं. मग म्हणाल्या, "काकी अभी सरपंच है?" मी म्हटलं, अजून आहेत. "खलास, अच्छा है," म्हणाल्या, इथलं 'झालं तर मग' या अर्थाचं खलास, आणि डोळे मिटले. त्यापुढे त्या विषयावर एक शब्द नाही... मी पण काढला नाही.

एक मेच्या ग्रामसभेला मी इथे होते, सकाळी ऑफिसच्या पॅन्ट्रीत, कानाला फोन. मॅडम जाऊन महिना होऊन गेला होता. काकूंनी दुखवट्याच्या ठरावात गावातल्या माणसांबरोबर त्यांचं नाव घेतलं. 'शारजा येथील आराक्सी मॅडम यांचे दीर्घ आजाराने निधन झाले.' ते खरंच होतं. त्या आजारानेच गेल्या. मग आयत्या वेळचे विषय आले, काकूंनी फोन माइकला लावला आणि मी पुन्हा बोलले. भाऊसाहेब पुन्हा तेच म्हणाले. काकू म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्ये कक्षेत बसतंय का न्हाय त्ये वरचं बगत्याल. आमच्या समोर एका बाईनं सांगितलं, आमी ऐकलं. मागच्या टायमाला आपन निम्मंच लिव्हलंय. आता पुरं लिव्हा."

"वहिनी, आपल्याला त्यातनं काय मिळनार?" कुणीतरी विचारलं.

"तुला काय मिळंना तर हात नको वर करू," काकू म्हणाल्या. "लिव्हा भाऊसाहेब, शीतल सांगतीया."

मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. हात किती वर झाले ते मला दिसलं नाही. पंख्यांचा आवाज येत होता. मग काकूंचा आवाज आला, "झालं गं. मंजूर." मी बरं म्हटलं, कप विसळला आणि कामाला बसले. आनंद व्हायला हवा होता, हे मला कळत होतं.

कागद गावचाच एक मुलगा घेऊन आला, तो इथेच फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर असतो, सुट्टीवरून परतताना. योगायोगाने त्याच आठवड्यात नायरी आईची केबिन आवरायला आली होती. मी तिला तो दिला. तिने उलटसुलट करून पाहिला, मराठी अक्षरं, निळा शिक्का. तिला काय विचारायचं ते कुणी शिकवायची गरज नव्हती.

"डझ इट से हू डिड इट?"

"येस."

"व्हेअर?"

मी ओळीवर बोट ठेवलं. ती म्हणाली, वाच, तुमच्या भाषेत. मी वाचलं. 'सन १९१५ मध्ये तत्कालीन उस्मानी सरकारने आर्मेनियन लोकांना, ते आर्मेनियन आहेत म्हणून, ठरवून मारले, हे आमचे गाव मान्य करते.' इन्व्हॉइस वाचते तसं वाचलं, दुसरं मला जमलं नसतं. ती म्हणाली, अगेन. मी पुन्हा वाचलं.

मॅडमना एसी सहन व्हायचा नाही. मे महिन्यातसुद्धा केबिनचा एसी बंद, त्या गळ्याला स्कार्फ बांधून बसायच्या आणि आम्ही समोर घाम पुसत बिलं दाखवायचो. आता खोलीत आम्ही दोघीच होतो आणि दोघींचे कपडे पाठीला चिकटले होते. नायरीने रिमोटकडे हात नेला, आणि एसी न लावता रिमोट तसाच टेबलावर राहू दिला.