या नावाचा इसम गावी नाही

आमच्या गावच्या एका माणसाला दिल्लीचा जीवनगौरव सन्मान मिळणार होता. तो मिळाला नाही, माझ्यामुळे. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तेव्हा सांगून टाकतो.

किराणा दुकानाच्या पुढच्या खोलीत पोस्ट होतं आणि पोस्टमास्तर मीच होतो. गूळ-तेल विकता विकता तिकिटं चिकटवायची. माजलगावहून टपालाची थैली आली की ओट्यावर दहा-पंधरा माणसं जमायची. त्यांत एक म्हातारा वाजंत्री असायचा. ओट्यावर नाही, खाली पायरीपाशी. माझ्या वडिलांच्या वयाचा, पण मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला आप्पा म्हणायचा. आमच्याकडे वय जातीनंतर मोजायचे.

जवानीत तो मुंबईला पळून गेला होता. मोठ्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवायचा. त्या संगीताला जॅझ म्हणतात असं तो सांगे. आम्ही त्याला 'जहाजवाला' म्हणून चिडवायचो. पुढे हॉटेलांत कीबोर्ड आले, एकच माणूस दहा जणांचं काम करू लागला, तसा हा गावी परतला. इथं लग्नांत तोवर कॅसेटी वाजायला लागल्या होत्या. त्याचं वाद्य खुंटीलाच राहिलं.

मुंबईच्या दोस्तांनी त्याला काहीतरी कळवलं असावं. रोज विचारायचा, "आप्पा, आपलं काई हाय का?"

"तुला कोन लिवतंय बे?" मी म्हणायचो.

एके दिवशी दिल्लीचं रजिस्टर पाकीट आलं. गाव आमचं, तालुका आमचा, नाव मात्र ख्रिस्ती. मी ते अडखळत मोठ्यानं वाचलं आणि म्हणालो, "आता गावात चर्च बांदा रे!" ओट्यावर हसू फुटलं. म्हाताराही हसला. मी पाकिटावर लिहिलं, 'या नावाचा इसम गावी नाही.' असं पत्र सात दिवस ठेवून चौकशी करायची असते. मी सात मिनिटंही ठेवलं नाही.

दुपारी दुकानात कुणी नसताना तो आला. "आप्पा, ते सकाळचं पाकीट..."

"थैली गेली कवाच. तुला काय करायचंय बे?"

तो आल्या पावली परत गेला. त्यानंतर यायचा, बसायचा, पण विचारेनासा झाला. मला वाटलं, बरं झालं, पीडा टळली.

महिन्याभरानं एक जीप दारात थांबली. पांढऱ्या केसांचा एक मुंबईकर उतरला आणि त्यानं मला तेच नाव विचारलं. म्हणाला, "आम्ही वीस वर्षं एकत्र वाजवलं, मी ड्रमवर. दिल्लीचं पत्र परत आलं. संमतीची सही परवापर्यंत दिल्लीत पोचली पाहिजे, नाहीतर सन्मान दुसऱ्याला देतील; मला आत्ताच परत निघायचंय." बोलता बोलता त्याची नजर पायरीकडे गेली. त्यानं तेच नाव मोठ्यानं घेतलं आणि हात पसरून धावला.

म्हाताऱ्याशेजारी दिंद्रुडचे दोन पाहुणे एसटीची वाट बघत बसले होते. त्याच्या धाकट्या मुलीची सोयरीक ठरवायला आलेले. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे बहुतेक ख्रिस्ती असायचे, म्हणून एका मॅनेजरनं त्याला ते नाव चिकटवलं होतं. धर्म त्यानं बदलला नव्हता. पण हे पाहुण्यांना कोण पटवणार? बाप बाटलाय म्हणून तिथंच सोयरीक मोडली असती.

म्हातारा मागं सरकला. "साहेब, तुमाला दुसरा कुनी पायजे. मी हितला वाजंत्री."

मुंबईकराचे हात तसेच राहिले. पण माणूस शहाणा होता. त्यानं पाहुण्यांकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, आत दोन मिनिटं बसू द्याल? आम्ही दोघंच."

मला तेव्हा सगळं कळलं. ते नाव, ती दुपार, सगळं. आत बोलावलं असतं तर एका सहीत काम झालं असतं, आणि पाहुण्यांना पत्ता लागला नसता. पण माझ्या उंबऱ्याच्या आत त्यानं जन्मात पाय ठेवला नव्हता. त्याच्या वस्तीची पत्रं मी वरूनच हातावर टाकायचो. आत पोत्यांवर माझे रोजचे चार दोस्त चहा पीत बसले होते. म्हातारा माझ्याकडे बघत होता. इतका वेळ माझ्याकडे बघायची त्याची पहिलीच वेळ.

मी म्हणालो, "आत सरकारी जागा आहे. बाहेरच्याला परवानगी नाही."

मुंबईकरानं आतल्या चहावाल्यांकडे एकदा पाहिलं आणि तो जीपमध्ये जाऊन बसला. म्हाताऱ्यानं मान फिरवून पाहुण्यांना एसटीची वेळ विचारली, जी त्याला पाठ होती.

आतून कुणीतरी ओरडलं, "कोन व्हता रे?"

"कुनी न्हाई," मी म्हणालो, "पत्ता चुकला व्हता."