न पाहिलेल्या जहाजांचं ऑफिस

ऑफिस बंद व्हायला आलं की खुर्च्या-टेबलांना गिऱ्हाईक मिळतं. किस्से तेवढे कुणी नेत नाही. आठवडाभर आम्ही गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात ड्रॉवर उपसतोय आणि प्रत्येक ड्रॉवरमागे एक किस्सा निघतोय. सगळे हसतात, मग पुढचा ड्रॉवर उघडतात.

आमचं काम सांगितलं तर लोकांना थापा वाटतात. समुद्रातल्या तेलविहिरींना माल पोचवणारी जहाजं असतात. त्यांची सुरक्षा-तपासणी सगळीकडे त्याच त्या ठरावीक प्रश्नांनी होते. इन्स्पेक्टर बंदरातून उत्तरं आणि फोटो पाठवतात. ती नीट आहेत का, हे तपासतो आम्ही. नाशिकमध्ये! चौघं जण. त्यातले जहाज पाहिलेले फक्त आमचे साहेब, कॅप्टन. गुडघे गेले म्हणून त्यांचा समुद्र सुटला.

उत्तरं चारच: हो, नाही, लागू नाही, पाहिले नाही. आणि कॅप्टनचा नियम एकच. "स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं नसेल तर 'पाहिले नाही' लिहायचं. देवाने येऊन सांगितलं तरी!"

*

भामरे सटाण्याकडचा, बोलण्यात अहिराणी. नवीन असताना त्याच्यासमोर जहाजावर चढायच्या दोरशिडीचा फोटो आला. याने शेरा मारला, "शिडी लटकत आहे. भिंतीला टेकवावी."

कॅप्टन खुर्चीतून पडायचे बाकी होते. "भामरे, समुद्रात भिंत कुठून आणू?"

भामरे गंभीर. "मंग ती कशाला टेकेल शे, सर?"

*

सुनंदाताई आमच्यात सगळ्यांत जुन्या. घरची झेंडूची शेती. पहाटे फुलं बाजारात पोचवून ऑफिसला यायच्या आणि दिवसभर लाइफबोटी तपासायच्या. एकदा फोनवर एका इन्स्पेक्टरने कौतुकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही आधी कुठे होतात?"

"मखमलाबाद."

"अच्छा! कुठल्या कंपनीचं जहाज ते?"

आम्ही डबे सोडून हसलो. ताईही हसल्या. मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "एकदा तरी जहाजावर पाय ठेवायला मिळाला पाहिजे गं."

*

कॅप्टन ऑफिसातसुद्धा फायर ड्रिल घ्यायचे. घंटा वाजली की सगळ्यांनी खाली जमायचं. जमायची जागा म्हणजे चहाची टपरी. पुढे पुढे टपरीवालाच वर येऊन विचारायला लागला, "साहेब, आज आग कधी लावताय? दूध ठेवतो."

*

माझं नुकतंच लग्न झालंय. मी घरात फार बोलत नाही, तर सासूबाईंना वाटलं सून साधी आहे. एके दिवशी त्यांनी विचारलं, "भाजीत मीठ घातलंय का गं?"

मी म्हटलं, "निखिल म्हणतात घातलंय. मी पाहिलं नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या मुलाकडे. "अगं, मग चाखून बघ की!"

हे ऐकून कॅप्टन म्हणाले, "चुकीच्या बाईला नोकरी दिली मी!"

*

"या दिवाळीनंतर सगळ्यांना मुंबईला नेतो, जहाज दाखवतो." कॅप्टनचं हे वाक्य दर दिवाळीला ठरलेलं. कधी गोदीचा पास मिळाला नाही, कधी कॅप्टनचे गुडघे. ताईंनी तर न घसरणाऱ्या तळव्यांचे बूटसुद्धा घेऊन ठेवले होते. नियमात तसं लिहिलंय म्हणून! ते परवा ड्रॉवर उपसताना निघाले. खोक्यासकट, कोरे. आमचं काम आता परदेशातलं ऑफिस करणार आहे.

कॅप्टननी ते खोकं उचलून ताईंच्या टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मुंबई राहूनच गेली. रविवारी बोट तरी दाखवतो. चला."

*

शहराबाहेरच्या एका तलावावर एक माणूस मोटरबोटीतून चक्कर मारून आणतो. ताई कोरे बूट घालून आल्या होत्या. साडीवर!

पण कॅप्टन ते कॅप्टन. काठावर उभे राहून त्यांनी तपासणी सुरू केली. एका लाइफजॅकेटचं बकल तुटलेलं. दुसऱ्याचा पट्टा सुतळीने बांधलेला.

"काका, पाणी लय खोल नाय हो!" बोटवाला म्हणाला.

"खोली कुणी विचारली? मी बकल विचारलं." कॅप्टन आमच्याकडे वळले. "माझ्या माणसांपैकी कुणीही चढणार नाही."

ताईंनी बुटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं."

आम्ही कणसाच्या गाडीकडे निघालो. भामरेने मला हळूच हाक मारली, "वहिनी, मागं बघा."

काठाला बांधलेल्या बोटीत सुनंदाताई बसल्या होत्या. मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरलेल्या, तोंड पाण्याकडे.

कॅप्टनही वळले. बोटवाला कणसाच्या गाडीमागे सरकला. आता काय होतंय म्हणून आम्ही कॅप्टनकडे बघत उभे.

कॅप्टननी सावकाश चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला.

"भामरे, लिहून घ्या," ते म्हणाले. "पाहिले नाही."