डिग्री आहे, लायसन्स आहे, ग्रीन कार्डही आहे

मंडळी, आज दुपारी एक फोन आला. तेव्हापासून तोच डोक्यात घोळतोय, म्हणून लिहितेय.

मी इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये कायरोप्रॅक्टर आहे, म्हणजे पाठ-मानेच्या दुखण्यांवर हातांनी उपचार करते. माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये जॉबसाठी अप्लाय केलं होतं. मान्यताप्राप्त कॉलेजची डिग्री, स्टेटचं लायसन्स, सगळं बरोबर होतं. इंटरव्ह्यूही मस्त झाला होता.

फोनवरची बाई हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही अजून सिटिझन नाही. आम्हाला दुसरा पात्र उमेदवार मिळालाय, तो सिटिझन आहे. नियमाप्रमाणे त्यालाच घ्यावं लागतं."

मी थँक यू म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सत्तरीतले, मेक्सिकोहून लहानपणी आलेले माजी सैनिक. अप्लाय कर म्हणून तेच महिनाभर मागे लागले होते.

"काही कळलं का, डॉक्टर?" त्यांनी विचारलं. मी सांगून टाकलं.

ते टेबलावर पालथे झोपले होते. तसेच म्हणाले, "मला युद्धावर पाठवलं ना, तेव्हा माझ्याकडेही ग्रीन कार्डच होतं."

मी त्यांच्या पाठीवर काम करत राहिले. तुम्ही काय म्हणाला असता?