आधी बायाबापड्या, मग माल

मांडवी बंदरावर धाकू तांडेलांचा आवाज ओळखत नाही असं माणूस त्या काळी सापडलं नसतं. शिडाचा मचवा धक्क्याला लागला की उतारूंची झुंबड उडे आणि तो हाकणारे तांडेल वरून गरजत, "आधी बायाबापड्याऽऽ! तू बस खाली, मेल्या, मिशी दिसतेय तुझी! मग पुरुष! माल शेवटी!" उभ्या जन्मात हा क्रम त्यांनी मोडला नाही, आणि त्याच क्रमानं त्यांना एकदा गोत्यात आणलं.

आगबोटींनी मचव्यांचे उतारू पळवायला सुरुवात केली, त्याच दिवसांत मचव्याचे मालक गंगारामशेट वारले. मृत्युपत्रात त्यांनी सगळा कारभार धाकूवर सोपवला होता. मचवा विकून देणी फेडावीत, घर आणि आंब्याची कलमं बायको मथुरेला द्यावीत, तांब्याचा मोठा हंडा लेक राहीला.

तेरावं झालं आणि राही केळशीला सासरी निघाली. कडेवर तान्हं, भरती उतरणीला लागलेली. तांडेलांनी हंडा स्वतःच्या डोक्यावरून धक्क्यापर्यंत नेला. "घे गो बाय. बापसाची आठवण."

पुढं मचवा विकला. आलेल्या पैशात देणी भागली. तांडेलांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच जयगडचं काम आटोपून केरू सुतार दारात उभा राहिला. मचव्याच्या तळाच्या फळ्या त्यानं बदलल्या होत्या आणि मजुरी राहिली होती. मथुरेनं मान डोलावली. खरं होतं.

तांडेल वकिलाकडे गेले. वकील बोलायचे नाकातून, अन् तेही वाक्य चावून चावून. "म्हंजे असं बघा, तांडेल. आधी मयताची देणी. सग्गळी. मग वारस. तुम्ही वारसाला आधी उतरवलंत! आता बाईंचं घर-कलमं मोडायची नसतील, तर हंडा परत आणा, नाहीतर स्वतःच्या पदरचं भरा."

"पण बाईमाणूस होतं, साहेब! कडेवर पोर होतं!"

"कायद्याला, म्हंजे असं बघा, कडेवरचं पोर दिसत नाही."

पदरात होतं काय? जुनं घर, आणि पितळी होकायंत्र. ते हातात घेऊनच तांडेलांनी अर्धा जन्म काढला होता.

शेवटी ते केळशीला निघाले. हर्णैपर्यंत आगबोटीनं, नाक मुरडत ("ही काय बोट? चूल तरंगतेय!"), पुढं होडीनं आणि पायी. वाटभर वाक्य घोटत होते: बाय, हंडा तेवढा परत दे. बाय, तुझ्या बापसाचीच अब्रू आहे.

राहीच्या मागल्या परड्यात पोचले आणि थबकले. हंडा घासूनपुसून आडवा टाकलेला, पोर त्याच्यासमोर बसलेलं. राहीनं हंड्यात तोंड घातलं आणि आतून घुमला आवाज:

"आधी बायाबापड्याऽऽ! तू बस खाली, मेल्या!"

पोर खिदळलं. हुबेहूब तांडेल! शेवटचा हेल उंच न्यायची खोडसुद्धा सोडली नव्हती. लहानपणी मचव्यावर याच हंड्यात बसून ती असंच ओरडायची. उतारू खरोखर उठायला लागायचे. गंगारामशेट सुकाणूशी पोट धरून हसायचे आणि तांडेल खोटं खोटं रागवायचे, "थांब, तुला मालाबरोबर उतरवतो!"

राहीनं डोकं बाहेर काढलं. "अगोबाई, धाकूकाका! अचानक कसे?"

घोटलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं. तांडेलांनी पोराकडे पाहिलं.

"काही नाही गो. कोण माझ्या आवाजात ओरडतंय ते बघायला आलो."

जेवले, पोराला खांद्यावर घेऊन समुद्र दाखवला आणि परतले.

मजुरीपोटी होकायंत्र केरूपुढं ठेवलं तेव्हा केरू बावचळला. "हे घेऊन मी कुठं जाऊ, तांडेल? मी लाकडातला माणूस!"

"आगबोटवाल्याला वीक. त्यांनाच रस्ता ठाऊक नसतो."

संध्याकाळी मथुरेनं भीत भीत विचारलं, "हंडा? राही काय म्हणाली?"

तांडेल धक्क्याकडे बघत होते. तिथं आता मचवा नव्हता.

"म्हणाली," त्यांनी हेल उंच नेला, "आधी बायाबापड्याऽऽ."