आयडेला नाही म्हणाली

एप्रिलमध्ये वेंडेल पार्क्स आपल्या होडीवरच वारला. बायको नाही, मूलबाळ नाही, मृत्युपत्र तर नाहीच. मागे राहिलं ते अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या बेटावरचं दोन खोल्यांचं घर, ती होडी आणि खेकड्यांचे दोनशे पिंजरे. हे सगळं थोरली बहीण आयडेलाच निस्तरणार, असं बेटाने धरूनच चाललं.

त्यात बेटाचं काही चुकलं नव्हतं. खेकडे सोलण्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं काढलेली ही बाई. आईचं दुखणं तिने काढलं, म्हाताऱ्या मावशीला शेवटपर्यंत सांभाळलं, चर्चच्या जेवणावळीचं कोठारही तिच्याच हाती. नाही हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

टपालाच्या बोटीने ती पलीकडे जिल्हा कचेरीत गेली. कारकून बाईने कागद पुढे सरकवला.

"वारस तुम्ही दोघंच भावंडं. मालमत्ता लहान आहे, काम फार नाही. कारभारी म्हणून इथे सही करा."

"आणि नाही केली तर?"

बाईने चष्म्यावरून पाहिलं. "तर कारभाराचा हक्क सोडल्याचा कागद असतो, वारसा नव्हे. मग तुमच्या भावाला विचारू."

"तो कागद द्या," आयडेला म्हणाली.

हा धाकटा भाऊ ओडेल. कुणी कुठे पिंजरे लावायचे यावरून अकरा वर्षांपूर्वी त्याचं नि वेंडेलचं बिनसलं, ते बिनसलंच. घरं हाकेच्या अंतरावर, पण हाक कुणी मारायची नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ओडेल तणतणत शेडच्या दारात उभा.

"आयडा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मी जायचं त्याच्या घरात?"

"दार आहे तिथेच आहे."

"अगं, आजवर तू कशाला नाही म्हणाली नाहीस!"

"मग एकदा म्हटलं तर बिघडलं कुठे? मी गेले तर दोन दिवसांत झाडूनपुसून मोकळी होईन. आणि तू मरेपर्यंत त्या घरावरून मान फिरवून जात राहशील. नको तर तूही नाही म्हण. नेमतील कुणी परका."

परका माणूस वेंडेलच्या होडीला हात लावणार, हे काही ओडेलच्या घशाखाली उतरेना. गुरुवारी त्याने सही केली.

वेंडेलच्या सामानाची यादी करायला एक दिवस पुरला असता. त्याने तीन आठवडे घेतले. इकडे आयडेलाची घालमेल. दोनदा ती कोट चढवून दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

मग एका दुपारी तो तिच्या स्वयंपाकघरात आला.

"माझा साधा फोटोसुद्धा नाही तिथे. माझं नाव तरी काढायचा का गं?"

"नाव नाही काढायचा. पण वारा सुटला आणि तू आला नसलास की धक्क्यावर उभा राहायचा. तुझी होडी दिसली की मग घरी."

"हे तू मला आत्ता सांगतेस?"

"त्याने शपथ घातली होती. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं मी."

समोरची कॉफी निवली तरी ओडेल उठला नाही.

ऑक्टोबरात कचेरीने प्रकरण मिटवलं. होडी ओडेलकडे आली, घर आयडेलाकडे. ते तिने शाळेच्या नव्या बाईंना राहायला दिलं. नाताळच्या जेवणावळीचं कोठार मात्र तिने नेहमीसारखंच घेतलं. ते काम तिला मनापासून आवडायचं.